वन्यप्राण्यांची मालकी, सरकारी जमीन आणि बाजार: हक्क नेमका कोणाच्या हातात द्यायचा?

भूमापक

शेजारच्या धाग्यावर "ज्याला किंमत नाही ते टिकत नाही" या वाक्यावरून बरीच हाणामारी झाली आणि मूळ विषय वाहून गेला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. रानटी प्राणी जिवंत ठेवण्याचा खर्च एकाच्या अंगावर पडतो आणि त्यांच्यामुळे येणारा पैसा भलत्याच्याच खिशात जातो, हे संवर्धनातलं जुनं दुखणं आहे. हत्तीने मका तुडवला की नुकसान शेतकऱ्याचं. तोच हत्ती बघायला पाहुणे आले की खोलीभाडं लॉजवाल्याचं आणि प्रवेश फी सरकारची. शेतकऱ्याच्या हातात काही हक्क आला (प्राणी दाखवायचा, विकायचा, शिकारीला द्यायचा, किंवा या सगळ्याला नकार द्यायचा) तर त्याचं गणित बदलतं.

दाखला नेहमीचाच. केनियाने १९७७ मध्ये शिकार पूर्ण बंद केली. १९७७ ते २०१६ या काळात तिथल्या कुरणप्रदेशातले मोठे वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले. नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेने जमीनमालकांना प्राण्यांवर हक्क दिले, आणि तिथे खासगी व सामूहिक जमिनींवर प्राणी वाढले.

माझा प्रश्न असा: हक्क द्यायचा म्हणजे नेमका कोणता, कोणाला, आणि तो कुठे फसतो? सरकारी जमिनीबद्दलही हाच प्रश्न. तत्त्वज्ञान पुरे झालं, यंत्रणा कशी चालते ते लिहा.

शंकासुर

तिसऱ्याच परिच्छेदात केनिया विरुद्ध दक्षिण आफ्रिका आलं. प्रतिसादांची शंभरी नक्की. जागा धरून ठेवतो.

तरस

भूमापक, ६८ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे, पण तो शिकारबंदीच्या माथी मारणं बरोबर नाही. त्याच अभ्यासात त्याच काळात शेळ्या-मेंढ्या ७६ टक्क्यांनी वाढल्याचं दिसतं. लोकसंख्या वाढली, सामूहिक कुरणांची वाटणी होऊन तुकडे पडले, कुंपणं आली, दुष्काळ आले. बंदी एकटी कारण असती तर राष्ट्रीय उद्यानांच्या आत प्राणी सुरक्षित राहायला हवे होते. तसं झालं नाही, कारण उद्यानातले प्राणी वर्षातला बराच काळ बाहेरच्या जमिनीवरच चरतात.

शिवाय शिकारीशिवायही तुमचं तत्त्व केनियातच वापरलं गेलं. मासाई मारा अभयारण्याच्या उत्तरेला सामूहिक रांचांची (एकत्र मालकीच्या कुरणांची) वाटणी होऊन प्रत्येक कुटुंबाच्या नावावर तुकडा आला होता. २००६ पासून या तुकड्यांचे मालक एकत्र येऊन जमीन पर्यटन कंपन्यांना भाड्याने देऊ लागले. कराराचे मुद्दे असे:

भाडं एकरावर ठरतं, पर्यटकांच्या संख्येवर नाही. ते दर महिन्याला थेट मालकाच्या बँक खात्यात येतं, मध्ये ना परिषद ना मुखिया. मालक त्या जमिनीवरचं घर हलवतो, कुंपण घालत नाही, गुरं ठरलेल्या पट्ट्यात आलटून पालटून चारतो. कंपनीवरही बंधन असतं: ओलारे मोतोरोगीत ७०० एकरांमागे एक तंबू आणि एका कॅम्पमध्ये जास्तीत जास्त १२ तंबू.

यात प्राण्यावर कोणाचीच मालकी नाही. मालकी जमिनीची आहे आणि ती मोकळी ठेवण्याचे पैसे मिळतात. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला "प्राण्याचा हक्क" बऱ्याच ठिकाणी गरजेचाच नसतो.

हिशेबनीस

तरस, मॉडेल चांगलं आहे, पण दोन भोकं आहेत. पहिलं, हटवलेली गुरं हवेत विरत नाहीत. ती शेजारच्या, करार नसलेल्या जमिनीवर किंवा रात्री अभयारण्यात जातात. दुसरं, भाडं पर्यटकसंख्येवर अवलंबून नाही असं कागदावर लिहिलं तरी देणारा शेवटी पर्यटकांच्याच पैशातून देतो. २०२० मध्ये विमानं थांबली तेव्हा अनेक ठिकाणी भाडं कमी करून घ्यावं लागलं. राखीव निधीचं कलम नसेल तर तो करार चांगल्या दिवसांपुरताच.

कुरणवाला

नामिबियाबद्दल लिहितो, कारण तिथली पायरी-पायरीची व्यवस्था शिकण्यासारखी आहे.

स्वातंत्र्यापूर्वी गोऱ्या शेतकऱ्यांना आपापल्या फार्मवरच्या प्राण्यांच्या वापराचे हक्क होतेच. १९९६ च्या दुरुस्ती कायद्याने तेच हक्क सामूहिक जमिनीवरच्या लोकांना मिळाले, पण कॉन्झर्व्हन्सी (गावकऱ्यांनी मिळून चालवायचं संवर्धन क्षेत्र) नोंदवली तरच. पहिल्या चार १९९८ मध्ये नोंदल्या गेल्या. आज ८६ आहेत आणि देशाची सुमारे पाचवा हिस्सा जमीन त्यांच्यात येते.

नोंदणीसाठी पाच गोष्टी लागतात: ठरलेली हद्द, सभासदांची यादी, प्रातिनिधिक समिती, घटना, आणि मिळालेला फायदा कसा वाटणार याची योजना. कागदावर पाच ओळी आहेत, पण हद्द ठरवणं हेच सगळ्यात वेळखाऊ. शेजारच्या गावाने आणि पारंपरिक प्रमुखाने ती मान्य करावी लागते, आणि पाणवठा कोणाच्या बाजूला येतो यावर बैठका फिसकटतात.

त्यानंतर राखणदार. प्रत्येक राखणदाराकडे नोंदवही असते, तिला इव्हेंट बुक म्हणतात. चोरटी शिकार, मेलेला प्राणी, पिकाचं नुकसान, दिसलेले दुर्मीळ प्राणी यांची वेगवेगळी पानं. महिनाअखेरीस त्या नोंदी भिंतीवरच्या तक्त्यात चौकोन रंगवून भरतात. संगणक लागत नाही, आकडे गावाच्या डोळ्यासमोर राहतात, आणि मूळ वही गावातच राहते. सरकारी खात्याकडे फक्त नक्कल जाते. दुसऱ्या देशात नक्कल करताना नेमकी हीच गोष्ट उलटी करतात: वही खात्याकडे, नक्कल गावाला. मग दोन वर्षांत नोंदी बंद.

पैसा: नव्या कॉन्झर्व्हन्सीला शिकारीतून उत्पन्न साधारण तीन वर्षांत सुरू होतं, पर्यटनातून सुरू व्हायला सहा लागतात. कारण उघड आहे. शिकारीला तंबू, गाडी आणि एक पाहुणा पुरतो. लॉजला रस्ता, पाणी, भांडवल आणि बघण्यासारखं दृश्य लागतं. मांस वाटलं जातं, ते शिकारीचं. नोकऱ्या जास्त लागतात त्या लॉजच्या.

फसतं कुठे? हक्क प्राण्यांवर आहे, जमिनीवर नाही. बाहेरच्याने गुरं आणून घातली तर त्याला हाकलायचा पक्का अधिकार कॉन्झर्व्हन्सीकडे नसतो. २००९ मध्ये गाम भागातल्या पशुपालकांनी कुंपण तोडून न्याए न्याए कॉन्झर्व्हन्सीच्या बाजूला गुरं घातली, तेव्हा हे उघडं पडलं. म्हणजे तरस यांच्या उदाहरणात जमिनीचा हक्क आहे आणि प्राण्याचा नाही, इथे बरोबर उलटं.

अनामिका_७

शिकारीचा पैसा, शिकारीचं मांस, शिकारीची तीन वर्षं. सगळं वाचलं. कोणीतरी श्रीमंत माणूस येऊन आपल्या बैठकीसाठी एक डोकं घेऊन जातो, याला "संवर्धन" म्हणायची सक्ती आहे का?

शंकासुर

सक्ती नाही. शंभरीसाठी मात्र मदत होते.

टिपणवही

अनामिका, कोणावरच सक्ती नाही, पण पर्यायाचा हिशेब मांडावा लागेल. पाकिस्तानातला मारखोर (पिळदार शिंगांचा रानबोकड) घ्या. १९८० च्या दशकाच्या मध्यावर बलुचिस्तानातल्या तोरघर डोंगरात मोजकेच उरले होते. तिथल्या टोळीने स्वतःची शिकार थांबवली आणि बदल्यात थोड्या परदेशी शिकाऱ्यांच्या पैशावर स्थानिक राखणदार नेमले. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय करारान्वये पूर्ण देशाला वर्षाला ६ मारखोरांचा निर्यात कोटा मिळाला, २००२ मध्ये तो १२ झाला. परवान्याच्या रकमेतले ८० टक्के गावसमाजाला, २० टक्के सरकारला. परवाने लिलावाने जातात आणि एकेकाची बोली एक लाख डॉलरच्या वर जाते. २०१५ मध्ये मारखोर संकटग्रस्त यादीत दोन श्रेणी सुधारला.

ही गोष्ट चालली याची कारणं नीट पाहा, ती सगळीकडे नसतात. डोंगरी प्राणी, त्यामुळे हद्द ठरते. म्हाताऱ्या नराच्या शिंगालाच भाव, त्यामुळे मादी आणि तरुण नर वाचतात. संख्या कमी आणि किंमत प्रचंड, त्यामुळे थोड्या जिवांत गावाचं काम होतं. साध्या हरणाच्या बाबतीत यातलं एकही लागू नाही. शिकारीऐवजी तेवढाच पैसा देणारं कोणी असेल तर गावाला फरक पडत नाही. प्रश्न एवढाच की तो दरवर्षी देणारा कोण.

हिशेबनीस

+१. आणि "८० टक्के गावाला" हे वाक्य जिथे जिथे दिसेल तिथे पैशाची वाट शेवटपर्यंत चालून बघावी.

झिंबाब्वेचा कॅम्पफायर कार्यक्रम (रानटी प्राण्यांचं उत्पन्न गावांपर्यंत पोचवण्याचा) १९८९ मध्ये सुरू झाला. त्याआधी १९७५ च्या कायद्याने खासगी जमीनमालकांना प्राण्यांबाबत "योग्य प्राधिकारी" हा दर्जा होता. पुढे तो दर्जा सामूहिक जमिनीसाठी दिला तो ग्रामीण जिल्हा परिषदेला. गावाला नव्हे. मार्गदर्शक सूचना अशी की किमान ५० टक्के गावाला, व्यवस्थापनावर जास्तीत जास्त ३५, परिषदेची पट्टी १५. सूचनाच ती, कायदा नव्हता. परिषदेला रस्ते, पगार, गाड्या यांसाठी पैसे कमी पडले की हत्तीचं उत्पन्न हाताशी असायचंच. ज्या वॉर्डात हत्ती राहतात त्यांना मिळालेली रक्कम घरटी वाटली की नुकसानाच्या मानाने किरकोळ. नंतर काही ठिकाणी सफारी कंपनीने रक्कम थेट वॉर्डाच्या खात्यात भरायची पद्धत आणली. तिथे निदान किती आले हे तरी लोकांना कळू लागलं.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा वाटा एकाच प्राण्यावर, हत्तीवर, आणि शिकारी मुख्यतः एकाच देशातले. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेने झिंबाब्वेतून हत्तीच्या ट्रॉफीची (शिकाऱ्याने सोबत न्यायचे दात वगैरे) आयात थांबवली. गावाने काहीच चुकीचं केलेलं नसताना उत्पन्न कोसळलं. हक्क तुमच्याकडे असला तरी बाजार दुसऱ्याच्या ताब्यात असतो.

खवल्या

दक्षिण आफ्रिकेबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही, म्हणून.

रोमन-डच कायद्यात रानटी प्राणी बेवारस: पळाला, कुंपण ओलांडलं, तर मालकी गेली. १९९१ च्या कायद्याने हे उलटवलं. जमिनीला पुरेसं कुंपण असल्याचा दाखला मिळाला की प्राणी निसटला तरी मालकी कायम राहते. कुडूसारख्या उड्या मारणाऱ्या हरणांसाठी साधारण २.४ मीटर उंच कुंपण लागतं. म्हणजे मालकी हवी तर आधी तार ओढा.

परिणाम दोन्ही बाजूंनी झाले. पांढऱ्या गेंड्याच्या बाबतीत आज देशातले निम्म्याहून अधिक गेंडे खासगी जमिनीवर आहेत. पण मालकी कुंपणाला बांधली की रान चौकोनात कापलं जातं. छोट्या फार्मात चित्ता, रानकुत्रा म्हणजे नुसता तोटा: विकत आणलेलं हरीण तो खातो. म्हणून शिकारी प्राणी हाकलले जातात. स्थलांतर संपतं, आणि कुंपणात चराई वाढली की पूरक चारा घालावा लागतो. इथून पुढे ते गुरांचं फार्मच.

यातलं टोक म्हणजे रंगीत प्राण्यांची लाट. सोनेरी वाइल्डबीस्ट, काळं इम्पाला असे दुर्मीळ रंग पैदास करून प्रजननासाठी एकमेकांना विकायचे. शिकाऱ्याला त्यांचं विशेष आकर्षण नव्हतंच. विकणारे आणि घेणारे सगळे पैदासकारच. २०१६ च्या सुमारास भाव कोसळले.

शंकासुर

इमू पाळलेल्यांना जरा बोलवा रे या धाग्यावर.

भूमापक

खवल्या, कुंपणाचा मुद्दा मान्य, पण त्यावर बाजारानेच काढलेला उपायही आहे. झिंबाब्वेच्या आग्नेयेला सावे व्हॅलीत १९९१-९२ च्या दुष्काळात गुरांचा धंदा बसला. शेजारी रांचमालकांनी आतली कुंपणं काढून एकच मोठं क्षेत्र केलं, बाहेरून एक कुंपण ठेवलं, आणि गेंडे, हत्ती परत आणले. म्हैस, हत्ती, गेंडा यांना मोठं क्षेत्र लागतं आणि त्यांनाच भाव असतो, म्हणून एकत्र येण्यात पैसा होता.

खवल्या

हो, पण त्यासाठी आधी काही गोष्टी जमून याव्या लागल्या: थोडे मालक, मोठी क्षेत्रं, दुष्काळाने बसलेला धंदा, आणि गाभ्याचा प्राणी महाग. शंभर छोट्या मालकांत हे जमवायला गेलात तर शेवटचा मालक अडून बसतो आणि सगळ्यांकडून खंडणीएवढी किंमत मागतो.

गेंड्याबद्दल अजून एक. शिंग कापलं तर परत वाढतं, दीड-दोन वर्षांनी पुन्हा कापता येतं. म्हणून अनेक पाळणाऱ्यांनी विक्रीची परवानगी मिळेल या आशेवर साठे केले. आंतरराष्ट्रीय व्यापार १९७७ पासून बंद. देशांतर्गत व्यापारावर २००९ मध्ये आलेली बंदी न्यायालयीन लढाईनंतर २०१७ मध्ये उठली, पण शिंगाचं गिऱ्हाईक देशाबाहेरच आहे. उत्पन्न शून्य आणि सशस्त्र राखणीचा खर्च रोजचा. २०२३ मध्ये सुमारे २,००० गेंड्यांचा जगातला सर्वांत मोठा खासगी कळप लिलावाला काढला तेव्हा एकही बोली आली नाही. शेवटी एका संवर्धन संस्थेने तो घेतला आणि दहा वर्षांत ते गेंडे इतर क्षेत्रांत सोडण्याचं ठरवलं. मालकी पक्की आहे, पण विकायची मुभा नाही आणि राखणीचा खर्च मात्र मालकाचा. याला मालकी म्हणायचं की पालकत्व?

वाचनमात्र

वाचत होतो, पण नुकसानभरपाईचा विषय कोणी काढला नाही म्हणून लॉगिन केलं.

मेलेल्या जनावराची भरपाई हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत भोंगळ उपाय. मेलेलं जनावर सापडावं लागतं, तेही वेळेत, दातांच्या खुणा दिसतील अशा अवस्थेत. अमेरिकेत आयडाहोच्या डोंगराळ सरकारी कुरणावर झालेल्या एका अभ्यासात लांडग्याने मारलेल्या दर आठ वासरांपैकी साधारण एकच सापडत होतं. म्हणून वायोमिंग राज्याने सूत्र बदललं: एक वासरू सिद्ध झालं तर सातपट पर्यंत भरपाई. हे निदान प्रामाणिक आहे. तरी दोष राहतोच. राखण नीट केली तर पैसे कमी मिळतात.

स्वीडनने १९९६ पासून हे उलटं केलं. रेनडिअर पाळणाऱ्या सामी आदिवासींच्या गावांना मेलेल्या रेनडिअरचे पैसे मिळत नाहीत, त्यांच्या हद्दीत लिंक्स किंवा वुल्व्हरिन या शिकारी प्राण्यांची वीण झाली तर दर विणीमागे २,००,००० क्रोनर गावाला मिळतात. वीण झाली की नाही हे बर्फातल्या मागावरून आणि बिळांवरून जिल्हा प्रशासनाचे लोक आणि पशुपालक मिळून ठरवतात. पैसा गावाला जातो, वाटायचा कसा ते गाव ठरवतं. रेनडिअर वाचवले तर ते तुमचेच, आणि वुल्व्हरिनच्या बिळावर कोणी बंदूक रोखली तर तो गावाचं नुकसान करतो.

कच्चे दुवे: रक्कम महागाईबरोबर वाढवली जात नाही. मागासाठी बर्फ लागतो, उशिरा हिमवर्षाव झाला तर मोजणी अर्धवट. आणि पैसा खालपर्यंत वाटला नाही तर ज्याच्या कळपाला फटका बसतो तो नाराजच राहतो.

अनामिका_७

हे आवडलं. डोकं न कापता पैसा येतो तर!

टिपणवही

येतो, पण तो सरकारी तिजोरीतून येतो, बाजारातून नाही. तिजोरी आटली की योजना आटते. मारखोरचा पैसा निदान बाहेरून येतो. दोन्ही परावलंबीच, पण मार वेगवेगळ्या दिशेने येतो.

कुरणवाला

आता धाग्याच्या शीर्षकातल्या सरकारी जमिनीकडे येऊ. इथे अमेरिकेचं पश्चिमेकडचं उदाहरण शिकवणारं आहे, कारण तिथे बाजार आहे, बोली लावायला संवर्धनवाले तयार आहेत, आणि तरी व्यवहार होत नाही.

१९३४ च्या कायद्यापासून सरकारी कुरणावर चराईचे परवाने आहेत, दहा वर्षांचे. परवाना शेजारी खासगी जमीन असलेल्यालाच मिळतो आणि त्या जमिनीला चिकटलेला असतो. मोजमाप असं: एक गाय-वासरू किंवा पाच मेंढ्या महिनाभर जेवढं चरतात ते एक एकक. २०२५ मध्ये त्या एककाला १.३५ डॉलर दर होता, अध्यक्षीय आदेशाने ठरवलेला किमान दर तोच. खासगी कुरणाचं भाडं त्याच्या कितीतरी पट. या फरकाची किंमत रांचच्या विक्रीभावात आधीच मिसळलेली असते. म्हणून दर वाढवायचा म्हटलं की आजचा मालक खरोखर बुडतो, कारण त्याने स्वस्त चाऱ्याचे पैसे विकत घेतानाच मोजलेले असतात.

आता समजा, एखाद्या संस्थेला वाटलं की इथे गुरं नकोत, नदीकाठ भरून येऊ दे. ती रांचमालकाला बाजारभाव देऊन परवाना घेते. आणि मग? परवाना चराईसाठी आहे. चारणार नसाल तर सरकार तो दुसऱ्याला देऊ शकतं. १९९५ मध्ये नियमांत "संवर्धनासाठी वापर" असा परवाना आणला होता. दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण कायद्यातला परवाना गुरं चारण्याचा आहे. त्यामुळे कायमची चराईबंदी हवी असेल तर संसदेचा कायदा लागतो, जसा २००९ मध्ये आयडाहोच्या ओवायही भागासाठी झाला. नाहीतर संस्थेला स्वतःच थोडी गुरं पाळावी लागतात.

तेल-वायूचं तसंच. यूटामध्ये २०१६ साली एका लेखिकेने १,१२० एकरांचे पट्टे रीतसर पैसे भरून घेतले आणि आपण खोदणार नाही असं जाहीरपणे लिहिलं. पट्टे रद्द झाले. गप्प बसून दहा वर्षं भाडं भरलं असतं तर कदाचित कोणी विचारलंही नसतं!

भूमापक

हेच मला म्हणायचं होतं. बाजार अपयशी नाही, बाजारात एका गिऱ्हाइकाला बंदी आहे.

तरस

थोडं थांबा. "न वापरणं" विकत घेऊ दिलं की सर्वांत श्रीमंत माणूस सार्वजनिक जमीन स्वतःच्या खासगी शिकारीसाठी मोकळी करून घेईल. जमीन सगळ्यांची आहे, बोली फक्त पैसेवाल्यांची. याचं उत्तर तुमच्याकडे आहे का?

कुरणवाला

अंशतः आहे. परवाना घेतल्याने जमिनीवरून लोकांना हाकलायचा हक्क मिळत नाही. आजचा चराई परवानाधारकही कोणाला अडवू शकत नाही. म्हणजे फक्त चाऱ्याचा वापर विकला जातो, प्रवेश नाही. ही विभागणी टिकवली तर तुमची भीती बरीच कमी होते. ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये राज्याच्या न्यास-जमिनींबाबत असाच निकाल दिला. त्या जमिनी शाळांसाठी उत्पन्न मिळवायला आहेत. बोली लावणारा गुरं पाळणार नाही एवढ्याच कारणाने त्याची जास्त बोली नाकारता येत नाही. पण तिथे विश्वस्ताचं कर्तव्य पैसा मिळवणं आहे. संघराज्याच्या जमिनीला तो तर्क लागू होत नाही. २०२४ मध्ये संघीय जमिनीसाठी पुनरुज्जीवन-पट्ट्यांचा (जमीन सुधारण्यासाठी भाड्याने घेण्याचा) नियम आला होता, २०२५ मध्ये तो मागे घेण्याचा प्रस्ताव आला. म्हणजे हक्क दर निवडणुकीला बदलतो, आणि असल्या हक्कावर कोणी दहा वर्षांची गुंतवणूक करत नाही.

हिशेबनीस

पाण्याच्या बाबतीत हे सुटलं आहे, म्हणून ते बघा. पश्चिम अमेरिकेत पाण्याचा हक्क तारखेवर: जुना हक्क आधी भरतो. आणि वापरा नाहीतर गमवा. ओरेगॉनमध्ये सलग पाच वर्षं वापर नाही केला तर हक्क जातो. म्हणून शेतकरी गरज नसतानाही पाट चालू ठेवत. १९८७ च्या कायद्याने नदीत पाणी सोडून देणं हाही "वापर" मानला. १९९३ पासून तिथे एक न्यास शेतकऱ्याकडून हक्क भाड्याने किंवा विकत घेऊन नदीत सोडतो, आणि मूळ तारीख कायम राहते. तारीखच महत्त्वाची. १८८० चा हक्क उन्हाळ्यात पाणी देतो, १९९० चा फक्त कागद देतो.

अडचण मोजमापाची. सोडलेलं पाणी खालच्या शेतकऱ्याच्या दरवाजातून आत जात नाही हे बघायला मापक आणि पाणी-निरीक्षक लागतो. तो नसेल तर तुम्ही शेजाऱ्याला फुकट पाणी विकत घेऊन दिलंत.

खवल्या

खासगी जमिनीवर कायदाच उलटा काम करतो त्याचं उदाहरण: अमेरिकेतला लाल-कलगी सुतारपक्षी. त्याला जिवंत, म्हाताऱ्या पाइनमध्येच ढोली लागते, साधारण ऐंशी वर्षं आणि त्यापुढची झाडं. १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याने पक्षी दिसला की आजूबाजूची तोड बंद. मग मालक काय करतो? झाड म्हातारं होण्याआधीच तोडतो. नॉर्थ कॅरोलायनात वसाहतींजवळची झाडं लवकर तोडली जातात हे आकडेवारीने दाखवलं गेलं आहे.

१९९५ मध्ये तिथल्याच सँडहिल्स भागात "सुरक्षित बंदर" करार आला. पायऱ्या: आज तुमच्या जमिनीवर किती जोडपी आहेत ती मोजायची, हा पाया. तुम्ही झुडपं जाळून, कृत्रिम ढोल्या बसवून पक्षी वाढवायचे. पायाच्या वर जे वाढतील त्यांच्यामुळे नवं बंधन नाही. हवं तर पायापर्यंत परत जाता येतं. एक पैसाही न देता, फक्त भीती काढून टाकून. २०२४ मध्ये पक्षी "धोक्यात" वरून "असुरक्षित" वर आला. सगळं श्रेय कराराचं नाही, सैन्याच्या तळांवरच्या जंगलांचंही मोठं आहे.

शंकासुर

म्हणजे मालकाला हक्क द्या, किंवा हक्क काढून घ्यायची धमकी थांबवा. पैसे वाचले.

वाचनमात्र

पैशाचा अतिरेक हवा तर करसवलतीकडे बघा. अमेरिकेत जमीनमालक विकासाचा (बांधकाम वगैरेचा) हक्क कायमचा सोडून देतो आणि जेवढं मूल्य घटलं तेवढी करवजावट घेतो. चांगल्या न्यासाकडे आधारस्थितीचा नकाशा-छायाचित्रांसह अहवाल असतो, वर्षातून एकदा पाहणी होते, आणि पुढच्या मालकाशी कोर्टात भांडायला बाजूला काढलेला निधी असतो. पण काही दलालांनी स्वस्त जमीन भागीदारीत घ्यायची, मूल्यांकनकाराकडून "इथे रिसॉर्ट झालं असतं" असं लिहून घ्यायचं, आणि गुंतवलेल्या पैशाच्या चार-पाचपट वजावट घ्यायची असा धंदा काढला. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने अशा भागीदारीत गुंतवणुकीच्या अडीचपटीवरची वजावट बंद केली. ससा दिसो न दिसो, मूल्यांकनकार श्रीमंत.

टिपणवही

सामूहिक हक्काचं आपल्याकडचं उदाहरण राहिलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपज आहे. तरी वाहतूक परवाना वनखात्याचा, म्हणून तोडलेला बांबू गावातच पडून. एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं तेव्हा कुठे विक्री झाली. हक्काच्या साखळीत एक कडी दुसऱ्याकडे राहिली तर बाकीच्या कड्या शोभेच्या.

चंद्रपूरच्या पाचगावने तर तेंदू तोडायचंच बंद केलं, कारण त्यासाठी आग लावतात, फांद्या छाटतात. न वापरण्याचा हक्क असला की असा निर्णय घेता येतो, कुठल्याही कोर्टात न जाता.

तरस

आणि हे कुरणवाल्यांच्या परवान्यापेक्षा वेगळं का चाललं? कारण न वापरण्याचा तोटा आणि फायदा दोन्ही त्याच ग्रामसभेचे. बाहेरचा श्रीमंत नाही. माझा आक्षेप इथे लागू होत नाही, मान्य.

भूमापक

मग माझा मूळ प्रश्न थोडा बदलतो: प्राण्याचा हक्क, जमिनीचा हक्क आणि नकाराचा हक्क. तिन्ही एकाच हातात नसतील तर निदान नकाराचा हक्क खर्च सोसणाऱ्याच्या हातात असावा. बाकीचे भाड्याने देता येतील.

एक व्यावहारिक शंका उरली. शिकार किंवा कापणी, काहीही असो, कोटा कोण आणि कसा ठरवतं? सगळ्यांचं घोडं शेवटी तिथेच अडतं ना?

कुरणवाला

तिथेच अडतं. हत्तीच्या ट्रॉफी कोट्यासाठी संख्येच्या अर्धा ते पाऊण टक्का ही रूढ मर्यादा. पण गणना महाग आणि चुकीची टक्केवारी मोठी, म्हणून फक्त गणनेवर विसंबू नये. दरवर्षी तीन गोष्टी नोंदवायच्या: मारलेल्या नराचं वय किंवा दाताचं वजन, एक प्राणी मिळायला किती दिवस लागले, आणि राखणदारांच्या पाहण्या. वय खाली आणि दिवस वर जात असतील तर कोटा कापायचा, गणनेची वाट न बघता.

सिंहाला संख्येपेक्षा वयाचा नियम बरा: सहा वर्षांखालचा नर मारायचा नाही. कळपाचा तरुण नर मेला की नवा नर येऊन पिल्लं मारतो, म्हणजे एका परवान्यात आख्खी वीण जाते. मोझांबिकच्या नियासा राखीव क्षेत्रात कवटी आणि दात तपासून कंपनीला गुण देतात, आणि त्यानुसार पुढच्या वर्षीचा कोटा ठरतो.

आणि भाडेपट्ट्याची मुदत. वर्षा-दोन वर्षांचा पट्टा असेल तर कंपनी पुढच्या सिंहाचा विचार का करेल? दहा वर्षांचा, नूतनीकरण या नोंदींवर अवलंबून, असा असेल तर ती स्वतःच तरुण नर सोडून देते.

अनामिका_७

सहा वर्षांचा आहे हे झाडीतून ओळखायचं कसं?

कुरणवाला

नाक. तरुण सिंहाचं गुलाबी असतं, वयाबरोबर काळे ठिपके वाढत जातात. निम्म्याहून अधिक काळं दिसलं तर पाच-सहाच्या पुढे. पण प्रदेशानुसार फरक पडतो, त्यामुळे नुसत्या नाकावर परवाना वापरू देऊ नये. आयाळ, चेहऱ्यावरचे व्रण, दातांचा रंग हेही बघावं लागतं, आणि वाटाड्या त्यात तरबेज नसेल तर पाहुण्याच्या घाईपुढे तो हरतो.